पाणी जोखण्याची विद्या



'एखाद्याचे पाणी जोखणे' हा वाक्प्रचार आपण माणसांच्या संदर्भात इतक्या सहजतेने वापरतो की प्रत्यक्ष पाणी जोखणे ही किती दुर्घट गोष्ट आहे, याचा आपणांस विसर पडतो. ही विद्या माणसाला कशी आणि किती उशिरा साध्य झाली, आणि प्रयोगशाळेच्या बंद दारातून ती सामान्य गृहस्थाच्या हाती कोणत्या वाटेने आली, हा आजच्या व्याख्यानाचा विषय आहे. भाषेच्या अध्यापकाने रसायनाच्या अंगणात का शिरावे, असा प्रश्न कोणी करील. त्याला माझे उत्तर असे की, हा इतिहास रसायनांचा जेवढा आहे तेवढाच तो वाचनाचा आहे. येथे अक्षरांच्या जागी रंग आहेत, एवढाच काय तो फरक.

या विषयाला निमित्त घडले ते दूरदेशीचे. या सभागृहातील कित्येकांची मुले-नातवंडे आज अमेरिकेत स्थायिक आहेत. तेथे, विशेषतः कॅलिफोर्निया, अ‍ॅरिझोना, फ्लोरिडा अशा उष्ण प्रांतांत, घरामागील अंगणात पोहण्याचा खासगी तलाव असणे ही काही अपूर्वाई नव्हे. या तलावाचा दक्ष धनी आठवड्यातून दोन-तीन वेळा काठाशी उभा राहून छोट्या नळीत पाणी घेतो, त्यात थेंब मोजून टाकतो, रंग पाहतो आणि वहीत आकडे लिहितो. वरवर पाहता ही श्रीमंतांची चैन वाटेल. परंतु त्या नळीतील प्रत्येक थेंबामागे शंभर-सव्वाशे वर्षांची खटपट उभी आहे. आणि तिच्यात आपल्या शेजारच्या आग्र्याचा व खुद्द आपल्या ग्वाल्हेरचाही वाटा आहे.

आपल्या नगराची तर उपपत्तीच पाण्याशी जोडलेली. किल्ल्यावरील सूरजकुंडाचे पाणी ग्वालिपा नामक सिद्धाने सूरजसेन राजाला दिले, त्याने राजाचे कुष्ठ गेले, आणि त्या सिद्धाच्या नावावरून गडाला नाव मिळाले, ही आख्यायिका येथील प्रत्येक मुलाने ऐकलेली असते. तिच्यात पाण्याची पारख श्रद्धेने होते. श्रद्धेच्या जोडीला इंद्रिये होतीच. डोळ्यांनी गढूळपणा, जिभेने खारटपणा, नाकाने कुजकेपणा ओळखावा, आणि पाणी निवळून घ्यावे. सुश्रुतसंहितेत पाणी निवळण्याच्या द्रव्यांत कतक म्हणजे आपली निवळी सांगितली आहे. निवळीचे बी घड्याच्या आतील अंगाला घासणारी किंवा तुरटीचा खडा पाण्यात फिरवणारी गृहिणी काही खुळी नव्हती. त्या क्रियेने गाळ खरोखरच खाली बसतो, आणि गाळाबरोबर काही जंतूही बसतात. पण 'निवळ' आणि 'निर्मळ' हे शब्द आपण समानार्थी मानले, तेथे मात्र घात झाला.

हा घात किती मोठा होता, हे १८५४ साली लंडनमध्ये दिसले. ब्रॉड स्ट्रीटवरील एका पंपाच्या परिसरात पटकीने शेकडो माणसे दगावली. डॉक्टर जॉन स्नो यांनी मृतांची घरे आणि पंप यांचा संबंध जुळवून दाखवला. त्या पंपाच्या पाण्याची चव लोकांना आवडत असे. हॅम्पस्टेडला राहावयास गेलेली एक वृद्ध विधवा तर त्या गोडीपायी ते पाणी तेथून मुद्दाम मागवून घेई. तीही पटकीने गेली. डोळा, जीभ, नाक या तिन्ही परीक्षकांनी जे पाणी उत्तीर्ण केले होते, त्यानेच प्राण घेतले.

पुढे तीस वर्षांनी, १८८४ च्या प्रारंभी, रॉबर्ट कॉख यांना कोलकात्याच्या एका तळ्याच्या पाण्यात पटकीचा जंतू सापडला. येथून पाणी जोखण्याचा अधिकार इंद्रियांकडून सूक्ष्मदर्शकाकडे गेला. हे योग्यच झाले, परंतु त्यातून एक नवी अडचण उद्भवली. जंतूंची वाढ करून त्यांची मोजदाद व्हायला दिवस लागतात, आणि गावाला तर पाणी आज संध्याकाळी प्यायचे असते. विद्वानाचे उत्तर येईपर्यंत तहान थांबत नाही. तेव्हा ज्याला जंतुशास्त्राचा गंध नाही अशा माणसाला, जागच्या जागी, काही क्षणांत कळेल अशी खूण हवी होती.

अशा खुणेचा एक आरंभ आपल्या परिसरात झाला. अर्नेस्ट हँकिन हे इंग्रज जंतुशास्त्रज्ञ १८९२ पासून आग्रा येथे सरकारी रासायनिक परीक्षक होते. पटकीच्या साथीत विहिरींमध्ये पोटॅशियम परमँगनेट टाकण्याच्या उपायाचा त्यांनी पुरस्कार केला. आपल्या वडीलधाऱ्यांच्या बोलण्यात येणारे विहिरीतले 'लाल औषध' ते हेच. या औषधाचा मोठा गुण असा की ते स्वतःच स्वतःचे माप सांगते. पाण्यात सेंद्रिय घाण असेल तर गुलाबी रंग मावळतो आणि पाणी तपकिरी होते. घाण संपली की रंग टिकू लागतो. म्हणजे औषध आणि परीक्षा एकाच पुडीत. जंतुनाशक म्हणून परमँगनेट आज मागे पडले आहे, कारण पटकीखेरीज इतर रोगजंतूंवर त्याचा भरवसा नाही. पण निरक्षर माणूसही केवळ रंग पाहून औषध पुरे झाले की नाही हे सांगू शकतो, ही त्यामागची कल्पना मला त्या औषधापेक्षा मोलाची वाटते.

त्यानंतर क्लोरीन आले. २६ सप्टेंबर १९०८ रोजी अमेरिकेतील जर्सी सिटीच्या पाणीपुरवठ्यात डॉक्टर जॉन लील यांनी विरंजक चूर्णाचे, म्हणजे ब्लीचिंग पावडरचे, द्रावण नियमितपणे सोडण्यास आरंभ केला. पाण्यात 'विष' घालण्याची ही कल्पना तेव्हा अनेकांना अघोरी वाटली. शहर आणि पाणी पुरवणारी कंपनी यांच्यात खटला चालू होता, आणि लील यांनी तर कोणाची अनुज्ञा न घेता हे काम आरंभले होते. न्यायालयाने अखेर हा उपाय ग्राह्य धरला आणि काही वर्षांतच अमेरिकेतील शहरांमागून शहरांनी त्याचा स्वीकार केला.

पण क्लोरीन परमँगनेटसारखे बोलके नाही. पाण्यात विरघळले की ते दिसत नाही. कमी पडले तर जंतू जगतात, अधिक झाले तर पाणी पिववत नाही. त्याला बोलके करण्यासाठी ऑर्थोटोलिडीन हे द्रव्य पुढे आले, आणि १९१३ साली एल्म्स व हाउझर यांनी त्याची पद्धत व्यवस्थित बसवून दिली. या द्रव्याचे थेंब टाकताच क्लोरीन असलेले पाणी पिवळे होते. जितके क्लोरीन अधिक तितका पिवळा रंग गडद. शेजारी पक्क्या रंगांच्या नमुना-नळ्या ठेवल्या की कोणत्या नळीशी रंग जुळतो एवढेच पाहायचे. मापनाचे काम असे तुलनेवर आले. तुलना करायला पदवी लागत नाही. साडीशी जुळता काठ निवडणाऱ्या कोणत्याही बाईला ती येते.

याच सुमारास दुसरी सोय झाली. डेन्मार्कमधील कार्ल्सबर्ग या प्रसिद्ध मद्यशाळेच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या सोरेन्सन यांनी १९०९ साली आम्लता मोजण्याची पीएच ही श्रेणी मांडली. मराठी परिभाषेत हिला 'सामू' म्हणतात. परिभाषा समित्यांनी घडवलेले किती तरी शब्द कोशांतच निजून राहिले. 'सामू' मात्र मृदापरीक्षणाच्या पत्रिकेतून थेट शेतकऱ्याच्या तोंडी गेला. ज्याला 'हायड्रोजन आयन' ठाऊक नाही तोही आज 'जमिनीचा सामू साडेआठ आला' असे सहज म्हणतो. शब्द आणि परीक्षा हातात हात घालून गेली की दोन्ही रुजतात, याचे याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही. सामूसाठी पुढे फिनॉल रेडसारखी सूचक द्रव्ये वापरात आली. सात-आठच्या आसपास सामू किंचित बदलला तरी फिनॉल रेड पिवळ्याचे नारिंगी आणि नारिंगीचे लाल होते.

रंगाच्या या वाचनाचा सर्वांत सुंदर नमुना, माझ्या मते, हॉरॉक्स यांची पेटी हा होय. विल्यम हॉरॉक्स हे ब्रिटिश सैन्यातील वैद्यकीय अधिकारी. पहिल्या महायुद्धात हेच क्लोरीन १९१५ साली ईप्र येथे खंदकांतील माणसे गुदमरवून मारण्यासाठी सोडले गेले, आणि हेच क्लोरीन सैन्याचे पिण्याचे पाणी राखीत होते. छावणी आज या ओढ्याकाठी तर उद्या त्या तळ्याकाठी; प्रत्येक पाण्याला चूर्ण किती लागेल हे कसे ठरवावे? पेटीत सहा पांढरे पेले आणि एक काळा पेला असतो. काळ्या पेल्यात विरंजक चूर्णाचे द्रावण करावयाचे. पांढऱ्या पेल्यांत परीक्षेचे पाणी भरून पहिल्यात त्या द्रावणाचा एक थेंब, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, असे टाकत जावयाचे. अर्ध्या तासाने प्रत्येकात पिष्ट आणि आयोडाइड यांचे सूचक घालावयाचे. ज्या पेल्यात प्रथम स्पष्ट निळा रंग उमटेल त्याचा क्रमांक पाहा. तिसरा पेला निळा झाला तर तीन गुणिले दोन, म्हणजे ४५५ लिटर पाण्याला सहा ग्रॅम चूर्ण. पाण्यात जंतू किती, घाण कोणती, याची विचारणाच नाही. पाण्यालाच विचारले जाते, 'तुला किती हवे?' आणि पाणी उत्तर देते. आपल्याकडील वैद्यक महाविद्यालयांत ही पेटी पिढ्यान्‌पिढ्या शिकवली गेली.

आता पोहण्याच्या तलावाकडे वळू. शहराच्या नळाचे पाणी एकदा वापरले की वाहून जाते. तलावाचे पाणी मात्र तेच ते, महिनोन्‌महिने फिरत राहते. माणसांचा घाम, झाडांची पाने, पाऊस, धूळ आणि ऊन या सर्वांचा हिशेब त्यात साठत जातो. म्हणून तलावाचे पाणी राखणे हे एका परीने नगराच्या पाण्याहूनही चिकाटीचे काम आहे. अमेरिकेत ब्राउन विद्यापीठाच्या तलावात १९१०-११ च्या सुमारास क्लोरीनचे प्रयोग झाले. सार्वजनिक तलावांना पगारी देखरेख असे. दुसऱ्या महायुद्धानंतर मात्र काँक्रीट फवारून तलाव बांधण्याचे तंत्र सुलभ झाले, उपनगरे वाढली, आणि ज्याने शाळेनंतर रसायनशास्त्राचे पुस्तक उघडले नव्हते असा गृहस्थ पाऊण लाख लिटर पाण्याचा राखणदार होऊन बसला.

त्याला दोन निरनिराळ्या गोष्टी सांभाळाव्या लागतात. पहिली शुद्धी, दुसरी समतोल. क्लोरीन पाण्यात दोन रूपांत असते, आणि त्यांतील हायपोक्लोरस आम्ल हे रूप जंतूंना झपाट्याने मारते. सामू ७.५ असताना हे रूप सुमारे निम्मे असते. सामू ८ ला गेला की ते पाव भागाच्या आसपास उरते. म्हणजे क्लोरीन तेवढेच, पण धार बोथट. समतोलाची बाब वेगळी आहे. बर्कलीच्या विद्यापीठातील प्राध्यापक लँजेलिअर यांनी १९३६ साली सामू, तापमान, अल्कता, कॅल्शियम आणि विरघळलेले क्षार यांवरून पाणी चुना सोडील की खाईल हे सांगणारा निर्देशांक मांडला. त्यांना चिंता होती शहरांच्या लोखंडी नळांची. तलाववाल्यांनी तो उचलला, कारण उपाशी पाणी तलावाच्या भिंतींचा गिलावा खाते आणि अतितृप्त पाणी त्यांवर खरपुडी चढवते. शालेय पुस्तकांतील 'दुष्फेन' पाणी, म्हणजे आपल्या बोलण्यातले जड पाणी, येथे चक्क हितकर ठरते, ही गंमत विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावी.

हे सारे त्या गृहस्थाला कोण शिकवणार? व्यापाऱ्याने ते काम स्वतःकडे घेतले. पाण्याचा नमुना बाटलीत घालून दुकानात न्यावा, तेथे फुकट परीक्षा व्हावी, आणि हाती चार डबे देऊन गृहस्थाची बोळवण व्हावी, अशी रीत पडली. जो परीक्षक तोच विक्रेता असला म्हणजे परीक्षेचे काय होते, हे आपणांस शिक्षणक्षेत्रातील अनुभवावरून सांगावयास नको. कित्येक लोकांनी काही काळाने डब्यांवरील बारीक अक्षर वाचले. अल्कता वाढवणारे महागडे चूर्ण म्हणजे आपला खाण्याचा सोडा. सामू वाढवणारे म्हणजे धुण्याचा सोडा. द्रवरूप क्लोरीन म्हणजे धोब्याच्या ब्लीचचा थोरला भाऊ. स्वयंपाकघरात आणि मोरीत जे नांदत होते तेच नवे नाव घेऊन, चढ्या भावाने अंगणात आले होते.

याहून गंभीर प्रकरण सायन्युरिक आम्लाचे. भर उन्हात उघड्या पाण्यातील क्लोरीन तासाभरात निम्म्याहून अधिक उडून जाते. सायन्युरिक आम्ल त्याला धरून ठेवते, एखाद्या छत्रीसारखे. हे आम्ल ज्यात आधीच गुंफलेले आहे अशा क्लोरीनच्या वड्या १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून प्रचारात आल्या, आणि काम फारच सोपे झाले. परंतु क्लोरीन खर्च होते, आम्ल होत नाही. या वड्यांतून दर दशलक्ष भागांस दहा भाग क्लोरीन घातले की सुमारे सहा भाग सायन्युरिक आम्ल मागे उरते. रोज दोन भाग क्लोरीन धरले तर शंभर दिवसांच्या उन्हाळ्यात सव्वाशेच्या घरात आम्ल साठते, जेथे तीस ते पन्नास पुरेसे मानले जाते. छत्री इतकी मोठी होते की क्लोरीनला हातच उचलता येत नाही. तलाव हिरवा पडतो, परीक्षेत क्लोरीन मात्र 'योग्य' दिसते, आणि बिचारा धनी आणखी वड्या आणतो! हे दुष्टचक्र ज्यांनी तोडले त्यांनी ते स्वतः मोजून तोडले. या आम्लाची परीक्षा मोठी मनोरंजक आहे. पाण्यात मेलामाइनचे द्रावण मिसळले की ते दुधाळ होते. तळाशी काळा ठिपका असलेल्या नळीत ते हळूहळू ओतावयाचे, आणि ठिपका दिसेनासा होताच थांबून पातळी वाचावयाची. साठलेल्या आम्लावर मुख्य उपाय एकच: बरेचसे पाणी काढून नवे भरणे.

रंगाचे वाचनही आंधळेपणाने करून चालत नाही. ऑर्थोटोलिडीनला मोकळे क्लोरीन आणि घाणीशी बांधले गेलेले क्लोरीन यांतला भेद नीट करता येत नव्हता; शिवाय ते द्रव्य आरोग्याला संशयास्पद ठरले. इंग्लंडमधील रसायनज्ञ पॅलिन यांनी १९५७ साली डीपीडी ही गुलाबी रंगाची पद्धत दिली आणि हा भेद स्पष्ट झाला. तलावाला जो उग्र 'क्लोरीनचा वास' येतो तो बहुधा मोकळ्या क्लोरीनचा नसून घामा-मूत्राशी बांधल्या गेलेल्या क्लोरीनचा असतो. म्हणजे वास आला की क्लोरीन जास्त झाले असे नव्हे, ते कमी पडले असेच बहुधा समजावे. नाक येथेही फसवते. आणि रंगही फसवतो. क्लोरीन फारच अधिक असेल तर ते डीपीडीचा गुलाबी रंगच खाऊन टाकते, नळी स्वच्छ पांढरी दिसते, आणि नवखा माणूस 'क्लोरीन शून्य' असे लिहितो. जाणता माणूस नळीत थेंब पडताक्षणी उमटून नाहीशी होणारी गुलाबी झाक टिपतो, किंवा नमुन्यात साधे पाणी मिसळून पुन्हा परीक्षा करतो. म्हणूनच रंग जुळवण्यापेक्षा थेंब मोजण्याची रीत अधिक भरवशाची मानली जाते: दहा मिलिलिटर पाणी गुलाबी करावयाचे, मग तो रंग जाईपर्यंत दुसऱ्या द्रावणाचे थेंब मोजावयाचे, प्रत्येक थेंब म्हणजे अर्धा भाग क्लोरीन. एक सूचना जाता जाता करतो, कारण श्रोत्यांत उत्साही मंडळी असणार: आम्ल आणि ब्लीच कधीही एकत्र करू नयेत, आणि दोन निरनिराळ्या प्रकारची क्लोरीन-चूर्णे एका भांड्यात मिसळू नयेत. एकातून विषारी वायू निघतो, दुसऱ्यातून आग वा स्फोट होऊ शकतो.

ही सारी कथा आपल्या विहिरीपासून दूरची नाही. महाराष्ट्रातील खेड्यांत 'टी.सी.एल.' या तीन अक्षरांनी ओळखली जाणारी पावडर म्हणजे उष्ण हवेत टिकावे म्हणून अधिक चुना मिसळलेले तेच विरंजक चूर्ण, आणि गावपातळीवर वर्षानुवर्षे चाललेली 'ओ.टी. टेस्ट' म्हणजे तेच ऑर्थोटोलिडीन. विहिरीचा हिशेब तर आपल्या शाळेत शिकवल्या जाणाऱ्या वृत्तचितीच्या घनफळाचा आहे. व्यास तीन मीटर, पाण्याची खोली चार मीटर, तर पाणी सुमारे २८,००० लिटर. हजार लिटरला अडीच ग्रॅम या प्रमाणाने सत्तर ग्रॅम चांगले चूर्ण. गणिताच्या तासाला हे उदाहरण का घातले जात नाही, याचे मला नेहमी नवल वाटते. पोत्याचे तोंड मात्र उघडे राहिलेले नसावे. चूर्णातील क्लोरीन उडून गेले तर गणित बरोबर आणि पाणी चूक अशी अवस्था होते.

क्लोरीनची परीक्षा संरक्षण आहे की नाही हे सांगते. घाण शिरली की नाही हे सांगत नाही. ते घरच्या घरी सांगणारी साधी परीक्षा आपल्या ग्वाल्हेरात निर्माण झाली, हे तिघऱ्याचे पाणी पिऊन वाढलेल्या आपल्यापैकी किती जणांस ठाऊक आहे? येथील संरक्षण संशोधन संस्थेतील मांजा, मौर्य आणि राव या तिघा शास्त्रज्ञांनी १९८२ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात ती प्रसिद्ध केली. निर्जंतुक बाटलीत रसायनांत भिजवून वाळवलेली कागदाची पट्टी असते. खुणेपर्यंत पाणी भरावे आणि बाटली उबदार जागी ठेवावी. पाण्यात विष्ठेबरोबर येणारे जंतू असतील तर त्यांच्यापासून हायड्रोजन सल्फाइड निघतो, आणि बारा ते अठरा तासांत पाणी काळे होते. सूक्ष्मदर्शक नको, वीज नको. वाचायचा रंग एकच. ती जगातील अनेक गरीब देशांत वापरली गेली. तिला मर्यादा आहेत. काही भूजलात मुळातच गंधकाची संयुगे असतात आणि पाणी उगाच काळे होते; फ्लोराइड वा आर्सेनिकबद्दल ती मौन बाळगते. त्यांसाठी वेगळ्या परीक्षा आहेत, आणि संशयाच्या वेळी प्रयोगशाळेला पर्याय नाही. १५ ऑगस्ट २०१९ रोजी घोषित झालेल्या जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातील पाच जणींना पाणी तपासण्याच्या पेटीचे शिक्षण द्यावे अशी योजना आहे, आणि या पेटीत क्लोरीन, सामू, फ्लोराइड यांच्या परीक्षा रंग जुळवूनच करावयाच्या असतात.

आपल्या शाळेच्या विज्ञानमंडळाने मुलांकडून पट्टीची ही परीक्षा करवून घ्यावी, अशी माझी विनंती आहे. प्रत्येकाने आपापल्या घरच्या टाकीचे, हातपंपाचे, मोहल्ल्यातील विहिरीचे पाणी आणावे. बाटलीवर जागा, तारीख व वेळ लिहावी, आणि सकाळी रंग पाहून वहीत नोंद करावी. जी बाटली काळी होईल ती शिक्षकांखेरीज कोणी उघडू नये, आणि तिच्यात चमचाभर विरंजक चूर्ण घालून, काही वेळ थांबून, मगच ती मोरीत रिकामी करावी.